चामड्याचं पाकीट शिवायचंय? मग आधी पुठ्ठा कापा! पुन्हा पुन्हा वापरता येणारा पॅटर्न बनतो कसा आणि माप ठरतं कसं?

लेदरक्राफ्टचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. चामड्यावरून सुरी सर्रकन फिरते, दोन सुयांनी टाके पडतात, कडा घासून चकचकीत होते आणि तीस सेकंदांत पाकीट तयार. या रील्समध्ये एक गोष्ट सहसा दिसत नाही, ती म्हणजे सुरी ज्याच्या कडेने फिरली तो तुकडा. पुठ्ठ्याचा, प्लॅस्टिकचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा. पाकीट नीट झालं की फसलं, हे बहुतेक वेळा त्या तुकड्यावरच ठरलेलं असतं.

कारण सोपं आहे. ब्लाऊज घट्ट झाला तर टेलर शिलाई उसवून देतो, आत माया सोडलेली असते. चामड्यात ही सोय नाही. एकदा पडलेलं भोक बुजत नाही, चुकीचा कापलेला तुकडा जोडता येत नाही. आणि चामडं चौरस फुटावर विकत घ्यावं लागतं. म्हणजे चूक झाली की पैसे थेट कचऱ्यात. त्यामुळे सगळ्या चुका कागदावर करून घ्यायच्या आणि चामड्यावर फक्त बरोबर उत्तर उतरवायचं, अशी ही पद्धत आहे.

घरून इन्स्टाग्रामवर चार पाकिटं विकणाऱ्यांसाठी तर हा आणखी मोठा मुद्दा आहे. पहिलं पाकीट मित्राला आवडतं, तो म्हणतो ‘सेम टू सेम अजून दहा दे, ऑफिसात वाटायचीत’. पहिलं पाकीट पट्टी लावून अंदाजाने कापलं असेल, तर पुढची दहा एकमेकांशी जुळणार नाहीत.

पॅटर्न, टेम्प्लेट, फर्मा: गोंधळ नको

हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. सोयीसाठी आपण फरक करू. कागदावर मोजून काढलेली आकृती म्हणजे पॅटर्न. तोच पॅटर्न टिकाऊ वस्तूवर उतरवला की टेम्प्लेट. फर्मा मात्र वेगळा. बूट ज्याच्यावर चढवून बनवतात तो पायाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा म्हणजे फर्मा. तो त्रिमितीय असतो, पॅटर्न सपाट असतो. आणि एकाच आकाराचे शेकडो तुकडे हवे असतील तर पोलादी पात्याची डाय बनवून प्रेसवर दाबतात. डाय बनली की माप बदलता येत नाही, म्हणून तिच्याआधी पॅटर्न पक्का असावा लागतो.

मापाची सुरुवात वस्तूपासून

नवशिके पाकिटाचं माप ठरवताना जुनं पाकीट मोजतात. जुनं पाकीट वापरून ताणलेलं, फुगलेलं असतं. त्यापेक्षा आत काय जाणार आहे ते मोजा.

एटीएम कार्डाचं माप जगभर एकच आहे. ते आयएसओ ७८१० या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलंय: ८५.६० मिमी लांब, ५३.९८ मिमी रुंद, ०.७६ मिमी जाड. पॅन कार्ड, स्मार्ट कार्डवालं ड्रायव्हिंग लायसन्स, पीव्हीसी आधार कार्ड, सगळी याच मापाची. म्हणजे एका कप्प्याचं गणित जमलं की सगळ्यांचं जमलं.

आता कार्ड ८६ मिमीचं म्हणून कप्पा ८६ मिमीचा कापला तर? कार्ड आत जाणारच नाही. दोन्ही बाजूंना शिलाई येते. शिलाई कडेपासून साधारण ३ मिमी आत असते, म्हणजे ६ मिमी तिथेच गेले. त्यात कार्डाच्या दोन्ही बाजूंना निदान २-२ मिमी मोकळीक हवी, कारण चामड्याला कार्डाच्या जाडीवर चढून खाली यावं लागतं. ८६ अधिक ६ अधिक ४, झाले ९६ मिमी. हे कमीत कमी. एका कप्प्यात दोन-तीन कार्ड कोंबणारं गिऱ्हाईक असेल (आणि असतंच) तर आणखी सोडा.

उंचीचं गणित जरा मजेशीर आहे, कारण कप्पे पायऱ्यांसारखे एकावर एक येतात. सगळ्यात खालच्या कप्प्यातलं कार्ड पाकिटाच्या तळापासून साधारण ४ मिमीवर टेकतं, म्हणजे त्याचा माथा ५८ मिमीवर. पायरी १२ मिमीची धरली तर दुसऱ्या कार्डाचा माथा ७० वर आणि तिसऱ्याचा ८२ वर. म्हणून तीन कप्पे हवे असतील तर पॅनेलची उंची ८६ मिमीच्या आसपास येते. चौथा कप्पा हवा? मग पायरी तरी कमी करा किंवा उंची तरी वाढवा. तिसरा मार्ग नाही.

नोटांच्या कप्प्यात आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे. महात्मा गांधी नव्या मालिकेतल्या नोटा आधीपेक्षा लहान आहेत. नवी ५०० ची नोट ६६ बाय १५० मिमी, १०० ची ६६ बाय १४२. पण शंभराची जुनी नोट ७३ बाय १५७ मिमीची, आणि ती आजही चलनात आहे. नव्या नोटांच्या उंचीला ३ मिमी शिलाई आणि ५ मिमी मोकळीक जोडली तर ७४ मिमी पुरतात. म्हणून ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून ७५ मिमी उंचीचं पाकीट शिवलं, तर नव्या नोटा आत लपतात आणि जुनी शंभराची डोकं वर काढते. ऑर्डर युरोपातून असेल तर ५० युरोची नोट लांबीला १४० मिमीच असली तरी उंचीला ७७ मिमी आहे. अमेरिकी डॉलरच्या सगळ्या नोटा एकाच मापाच्या, साधारण ६६ बाय १५६. सगळ्यांना चालेल असं माप हवं असेल तर बाहेरची उंची ९० मिमी ठेवा, प्रश्न मिटतो.

टाक्याचं माप पॅटर्न बदलतं!

हा भाग बरेच जण वगळतात आणि मग कोपऱ्यावर टाके वेडेवाकडे का आले म्हणून डोकं खाजवतात.

हाताने शिवताना भोकं आधी पाडून घेतात. त्यासाठी काट्यासारखं दातेरी हत्यार मिळतं आणि त्याच्या दातांमधलं अंतर ठरलेलं असतं. ३ मिमी, ३.८५ मिमी, ४ मिमी अशी मापं बाजारात आहेत. आपला कप्पा ९६ मिमीचा. दोन्ही बाजूंचे ३-३ मिमी सोडले तर एका कोपऱ्यातल्या भोकापासून दुसऱ्या कोपऱ्यातल्या भोकापर्यंत ९० मिमी. हत्यार ४ मिमीचं असेल तर ९० भागिले ४ म्हणजे साडेबावीस टाके. अर्धा टाका कसा घालणार?

उपाय: कप्पा ९८ मिमीचा करा. मग मधलं अंतर ९२, बरोबर २३ टाके. दोन मिलिमीटरने पाकीट मोठं झालं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, पण चारही कोपऱ्यांत भोक नेमकं कोपऱ्यावर येतं. ३ मिमीचं हत्यार असतं तर ९० ला तीनने भाग गेला असता आणि ९६ चाच पॅटर्न चालला असता. थोडक्यात, एकाचा पॅटर्न दुसऱ्याला तसाच्या तसा चालत नाही, हत्यार कोणतं आहे ते आधी बघावं लागतं.

म्हणूनच चांगल्या पॅटर्नवर शिलाईची रेष आणि भोकांची जागाही काढलेली असते. विशेषतः जिथे दोन वेगळ्या आकाराचे तुकडे एकमेकांना शिवायचे असतात तिथे. दोन्ही तुकड्यांवर भोकं मोजा. एकावर ४१ आणि दुसऱ्यावर ४२ आली, तर चामडं कापायची वेळ अजून आलेली नाही.

जाडी विसरलात तर पाकीट मिटणार नाही

कागदाला जाडी नसते (म्हणजे असते, पण नगण्य). चामड्याला असते. पाकिटाच्या आतले कप्पे साधारण ०.८ ते १ मिमी, बाहेरचं कव्हर १.२ ते १.५ मिमी आणि पट्ट्याचं चामडं ३ ते ४ मिमी जाडीचं घेतात. परदेशी व्हिडिओंत ‘औंस’ असा शब्द ऐकू येतो. गोंधळू नका, तिथे १ औंस म्हणजे एक इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे जवळपास ०.४ मिमी जाडी.

पाकीट मिटतं तेव्हा बाहेरच्या थराला आतल्या थरापेक्षा लांबचा रस्ता कापावा लागतो. वर्तुळाकार ट्रॅकवर बाहेरच्या लेनमधला धावपटू जास्त धावतो, तसंच. पूर्ण घडी म्हणजे अर्धं वर्तुळ, त्यामुळे जादा लांबी निघते दोन थरांच्या मध्यरेषांतलं अंतर गुणिले पाय, म्हणजे ३.१४. बाहेरचं चामडं १.२ आणि आतलं १ मिमी असेल तर हे अंतर १.१ मिमी. गुणाकार केला की साडेतीन मिमीच्या आसपास येतं.

आपल्या पाकिटात ९८ चे दोन पॅनेल आणि मध्ये १० मिमी मोकळी जागा, म्हणजे आतली लांबी २०६. बाहेरचं कव्हर २१० चं कापा. दोन्ही २०६ चे कापून शिवलेत तर पाकीट मिटताना आत सुरकुत्यांचा गठ्ठा होईल किंवा ते मिटलं तरी आपोआप उघडेल. वर कार्डांची जाडी वेगळीच: सहा कार्डं म्हणजे साडेचार मिमी. त्यामुळे शेवटी आकडेमोडीवर पूर्ण विश्वास न ठेवता स्वस्त रेक्झिन किंवा त्याच जाडीच्या फेल्टचा एक नमुना कापून, त्यात खरीच कार्डं घालून, मिटून बघतात. नमुना कागदाचा नको, कागद खोटं बोलतो.

बॅगेचं गणितही असंच फसवं असतं. पुढचा पॅनेल २५० मिमी रुंद, २०० उंच आणि खालचे दोन कोपरे ३० मिमी त्रिज्येने गोल. त्याला तीन बाजूंनी पट्टी जोडायची आहे. सरळ बेरीज केली तर पट्टी ६५० मिमी येते. प्रत्यक्षात गोलाईमुळे कडेची लांबी भरते ६२४. आणि शिवायचं तर कडेवर नाही, कडेपासून ४ मिमी आतल्या रेषेवर, तिची लांबी ६१२. म्हणजे अंदाजाने कापणाऱ्याची पट्टी जवळपास ४ सेंटीमीटर उरते. गणित नको असेल तर शिलाईच्या रेषेवर दोरा ठेवा आणि दोरा मोजा.

इंटरनेटवरचा पॅटर्न छोटा का येतो?

फुकट किंवा विकत पीडीएफ पॅटर्न भरपूर मिळतात. ते प्रिंट केल्यावर कार्ड आत जात नाही, ही नेहमीची तक्रार. पॅटर्न बहुतेक वेळा ठीक असतो, घोटाळा प्रिंटरचा असतो.

अमेरिकेत कागद ‘लेटर’ मापाचा, साधारण २१६ बाय २७९ मिमी. आपला ए-४ आहे २१० बाय २९७. प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ चालू राहिलं की लेटरवरचं चित्र ए-४ च्या रुंदीत बसवण्यासाठी ९७ टक्क्यांवर येतं. आपल्या उदाहरणातलं ९२ मिमीचं अंतर साडेएकोणनव्वद होतं. एक कार्ड जाईल, दुसरं अडकेल आणि २३ टाक्यांचं गणितही कोसळेल. तुम्ही अमेरिकेत बसून ए-४ चा पॅटर्न लेटरवर छापत असाल तर हाल आणखी वाईट: ९४ टक्के, म्हणजे ९२ चे साडेशहाऐंशी. कार्ड जेमतेम.

त्यामुळे प्रिंटच्या खिडकीत ‘अ‍ॅक्चुअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडा. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह देत असाल तर हे तोंडाने सांगा, तिथे सवयीने ‘फिट’ दाबलं जातं. चांगल्या पॅटर्नवर ५० मिमीची मोजपट्टी किंवा चौकोन छापलेला असतो, तो स्टीलच्या पट्टीने मोजा. तो नसेल तर एटीएम कार्ड छापील कप्प्यावर ठेवून बघा. त्याहून भरवशाचं माप घरात क्वचितच सापडेल.

टेम्प्लेट कशाचं करायचं?

आधी पॅटर्न काढायचा एक साधा नियम. दोन बाजू सारख्या असतील तर अर्धाच काढा, कागद मध्यरेषेवर घडी घाला आणि दोन्ही पदर एकदम कापा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढून त्या जुळत नाहीत म्हणून हैराण होण्यापेक्षा हे बरं. कोपऱ्यांच्या गोलाईला कंपास नको, नाणं ठेवा. दहा रुपयांचं नाणं २७ मिमी व्यासाचं आहे. एक रुपयाची नाणी मात्र वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या आकाराची आली, ती टाळा.

आता साहित्य. एक-दोन वस्तूंसाठी जाड पुठ्ठा पुरतो. पण पुठ्ठ्याची कड सुरीने हळूहळू खरवडली जाते, पाचव्या-सहाव्या कापणीनंतर माप अर्धा मिमी सरकलेलं असतं. शिवाय मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन वाकतो. पुठ्ठ्याच्या कडेला पातळ फेव्हिकॉल किंवा सुपरग्लू चोपडून वाळवला तर तो जरा जास्त टिकतो. त्याच्या वरची पायरी म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिक शीट. तिचा फायदा असा की खालचं चामडं दिसतं. जनावराच्या अंगावरचे ओरखडे, डास-गोचिडांचे डाग, शिरांच्या खुणा टाळून तुकडा बसवता येतो.

तोच डिझाइन सतत बनवत असाल तर २ किंवा ३ मिमी अ‍ॅक्रिलिकवर लेझरने कापून घ्या. पुण्या-मुंबईतच नव्हे, ट्रॉफी आणि नेमप्लेट बनवणारी लेझरची दुकानं आता तालुक्याच्या गावीही सापडतात. त्यांना बहुधा कोरलड्रॉ किंवा डीएक्सएफ फाइल लागते, फुकट मिळणाऱ्या इंकस्केपमध्येही ती बनते. एक लक्षात ठेवा, लेझर स्वतःच्या जाडीइतकं मटेरियल जाळतो, साधारण ०.१ ते ०.२ मिमी. पाकिटाला फरक पडत नाही, घड्याळाच्या पट्ट्याला पडू शकतो. आणि पीव्हीसी शीट लेझरवर कापायला देऊ नका, तिच्यातून विषारी वायू निघतो.

टेम्प्लेटवर काय लिहायचं? तुकड्याचं नाव, किती कापायचे, चामड्याची जाडी, कोणत्या मापाचं दातेरी हत्यार, तारीख आणि एक बाण. बाण ताणाची दिशा दाखवतो. जनावराच्या पाठीचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं सैल आणि ताणणारं. पट्टा पोटाकडच्या भागातून कापलात तर तो दोन महिन्यांत लांबतो. जुना पॅटर्न सुधारला की जुन्यावर फुली मारा. दोन्ही एकाच खिळ्याला अडकवलेत तर चुकीचाच हाताला लागतो.

मोठा साइज हवा? झूम करू नका

मोबाइलवर फोटो मोठा करतो तसा पॅटर्न ११० टक्के करावा, असं वाटणं साहजिक आहे. पण झूम केल्यावर शिलाईचं अंतरही वाढतं, भोकं सरकतात, बकलची फट मोठी होते. कार्ड मात्र तेवढंच राहतं. वाढवायचं ते ठरावीक जागीच.

पट्टा हे याचं सगळ्यात छान उदाहरण. अख्ख्या पट्ट्याचा टेम्प्लेट कुणी बनवत नाही. दोन टोकांचे दोन छोटे तुकडे पुरतात: एक बकलकडचा, एक टोकाचा. मधलं अंतर पट्टीने. पट्ट्याचा साइज मोजतात तो बकलच्या घडीपासून मधल्या भोकापर्यंत, पट्ट्याच्या एकूण लांबीवरून नाही. ३६ इंची पट्टा असेल तर ९१४ मिमी, त्यापुढे मधल्या भोकापासून टोकापर्यंत साधारण १६५ आणि बकलमागे दुमडायला ७५. एकूण ११५४ मिमीचा तुकडा लागेल. ३८ चा हवा असेल तर फक्त मधे ५१ मिमी वाढवा, दोन्ही टोकं तीच. पँटचा नंबर आणि पट्ट्याचा नंबर एक नसतो, पट्टा साधारण दोन इंच मोठा लागतो, हे गिऱ्हाइकाला आधीच विचारून घ्या. पार्सल परत येण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

चपला-बुटांत हे प्रकरण वेगळ्याच पातळीवर जातं. आपण वापरतो त्या ब्रिटिश पद्धतीत एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे ८.४६ मिमी वाढते. युरोपियन नंबर ६.६७ मिमीच्या पायरीने चढतात. पण पाय लांबीला जितका वाढतो तितका रुंदीला वाढत नाही, म्हणून तळ, पट्टा, अंगठा या प्रत्येक भागाची वाढ वेगळी धरावी लागते. भारतीय पायांसाठी स्वतंत्र मापं असावीत म्हणून चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले आणि त्यातून ‘भा’ नावाची पद्धत सुचवली गेली, कारण भारतीय पाय सरासरीने जास्त रुंद निघाले.

मापाची चप्पल करून घेताना कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवतात, ते तुम्हीही घरी करू शकता. पेन्सिल उभी धरा. ती आत कलली की तळव्याखाली शिरते आणि माप लहान येतं, बाहेर कलली की मोठं. दोन्ही पाय काढा, वजन टाकून उभं राहून काढा आणि शक्यतो संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो.

पॅटर्न कुणाचा?

विकत घेतलेल्या पॅटर्नसोबत अटी असतात. काही डिझायनर त्यावरून बनवलेली वस्तू विकू देतात, काही फक्त स्वतःपुरतीच बनवू देतात. पीडीएफ पुढे फॉरवर्ड करायला तर जवळपास कुणीच परवानगी देत नाही. विकायचा विचार असेल तर ही ओळ पैसे भरण्याआधी वाचा.

कोल्हापुरीचं उदाहरण ताजं आहे. जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि गदारोळ झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. पण जीआयचं मुख्य संरक्षण नावाला असतं. या आठ जिल्ह्यांबाहेर बनवलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकता येत नाही. तिच्यासारखा पट्टा, तिच्यासारखा अंगठा कापण्यापासून जीआय आपोआप कुणाला अडवत नाही. डिझाइनचं संरक्षण हवं असेल तर डिझाइन कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते आणि तीही डिझाइन नवं असेल, आधी जाहीर झालेलं नसेल तरच मिळते. त्यामुळे स्वतः काढलेल्या नव्या बॅगेची नोंदणी करायची असेल, तर तिचा रील टाकण्याआधी अर्ज करावा लागतो.